धाकटी आसरा

लाखनीजवळच्या आमच्या गावात तलावाच्या पाळीवर साती आसरा आहेत. पाण्याच्या या देवता म्हणजे शेंदूर लावलेले सात गोटे. शेजारच्या काकू मात्र त्यांच्याबद्दल सख्ख्या बहिणींसारखं बोलतात. "थोरली लय रागीट, मधलीले कोनी विचारत नाही," असं भाजी निवडताना सांगतात आणि स्वतःच खदखदून हसतात.

या उन्हाळ्यात पाळ रुंद करताना धाकटीचा गोटा मातीत गाडला गेला. खूप शोधूनही सापडला नाही. काकू गप्प झाल्या आणि आमच्या गल्लीला करमेना.

मग एका सकाळी त्या मला घेऊन कारध्याला गेल्या. वैनगंगेत गुडघाभर पाण्यात उतरून एकेक गोटा उचलत आणि परत सोडत राहिल्या. शेवटी एक गुळगुळीत गोटा त्यांनी गालाला लावला. "हे पाह्य, भेटली!"

परतताना बसमध्ये तो हिरव्या खणात गुंडाळून त्यांच्या मांडीवर होता.

"लेकराले गरम होत असन काकू, तोंड उघडं ठेवा," कंडक्टर म्हणाला.

"लेकरू नोहे बापा, बहीण आहे माही. घरी नेऊन राहिली."

सगळी बस हसली. काकू सगळ्यांत जास्त.

पाळीवर पोचल्यावर मी हळूच विचारलं, "बाकीच्या सहा जणी हिला आपली म्हणतील?"

"काहून नाही म्हननार?" गोट्याला शेंदूर लावत काकू म्हणाल्या. "मी लगन होऊन आली तवा मले तरी कोन ओळखत होतं? आता पुरा गाव काकू म्हनते."