पापलेटचं कटलेट झालं तो रविवार

“मी पापलेट मागितलं होतं. हे कटलेट आहे.”

टेबल नंबर चारवरच्या वापीच्या काकांनी प्लेट माझ्यापुढे धरली. दुपारचा दीड वाजला होता आणि ही तिसरी चुकलेली ऑर्डर होती.

घोलवडच्या रस्त्यावरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मी मॅनेजर आहे. लॉकडाउननंतर हॉटेलं उघडली, पण निम्मीच माणसं बसवायची परवानगी होती. आमच्या लाइनमध्ये गिऱ्हाइकाच्या एका जागेला ‘कव्हर’ म्हणतात. आमची चौसष्ट कव्हरं होती, त्यांची बत्तीस झाली. तीही भरेनात. लोक एसी हॉलमध्ये दारातूनच डोकावायचे आणि पार्सल घेऊन निघून जायचे.

मालक जयेशभाई म्हणाले, “सावे, हॉल बंद करू. फक्त पार्सल.”

पार्सलला वेटर लागत नाहीत. म्हणजे तलासरीकडून येणाऱ्या सहा जणांना घरी पाठवायचं. लॉकडाउनभर त्यांनी मिळेल ती मजुरी केली होती. मी फोन केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये हजर.

“शेठ, मागे आपली चिकूची वाडी आहे. टेबलं तिथे मांडू. मोकळी हवा आहे, अंतरही राहील.”

“आणि चिकू डोक्यात पडला तर?”

“त्याचं बिल लावणार नाही.”

ते हसले. “एक रविवार देतो. नाही जमलं तर सोमवारपासून पार्सल.”

तोच हा रविवार. झाडांखालची टेबलं साडेबारालाच भरली. पण मेन्यू कार्ड हातोहात फिरवायचं नाही, म्हणून आम्ही टेबलावर क्यूआर कोड चिकटवले होते. वाडीत रेंज नाही, मिळालीच तर हद्दीपलीकडच्या गुजरातची. लोक मोबाइल धरून फिरत होते आणि मेन्यूऐवजी ‘गुजरातमध्ये आपले स्वागत आहे’ असा मेसेज वाचत होते. मग वेटर तोंडी मेन्यू सांगू लागले. तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची शिल्ड, मध्ये सहा फूट अंतर. गिऱ्हाइकाच्याही तोंडावर मास्क. वर झाडावर पोपटांचा कलकलाट. कोळंबीची कोथिंबीर वडी झाली, पापलेटचं कटलेट. किचनमध्ये आचारी ऑर्डरच्या चिठ्ठ्या घेऊन डोक्याला हात लावून बसला.

मी काकांची माफी मागत होतो, तेवढ्यात सुनंदा आली. ही आमची सगळ्यात जुनी वेटर, कमी बोलणारी.

“सर, भात झोडायचं मशीन चालू असलं ना, की आमच्याकडे कोणालाच काही ऐकू येत नाही. किती माणसांचं जेवण आणायचं ते आम्ही लांबून बोटांनीच सांगतो.”

“मग?”

“पदार्थांना नंबर द्या. लोक बोटं दाखवतील.”

“दीडशे पदार्थ आहेत, सुनंदा!”

“आठच जातात,” ती म्हणाली. “बाकीचे लोक नुसते वाचतात.”

वाद घालायला वेळ नव्हता. स्टोअररूमचा काळा दरवाजा बिजागरीतून काढला आणि झाडाला टेकवून उभा केला. सुनंदा सांगत गेली, मी खडूने मोठ्या अक्षरात लिहीत गेलो. एक, पापलेट फ्राय. दोन, कोळंबी रस्सा. असं करत आठ, चिकू मिल्कशेक. आधी पदार्थाचा नंबर दाखवायचा, मग किती हवेत ते.

पाच मिनिटांत वाडीचा नूर पालटला. वापीच्या काकांनी खुर्चीतून उठून एक बोट दाखवलं, मग चार. चार पापलेट! शेजारच्या टेबलाने टाळ्या वाजवल्या. एका टेबलावर नवरा तीन दाखवत होता, बायको त्याचा हात खाली ओढून दोन दाखवत होती. लहान मुलांनी तर आठाचा सपाटाच लावला. मिल्कशेकचं मशीन तापलं. आठच पदार्थ असल्यामुळे किचनचा हात भराभर चालला आणि ताटं वाफाळती पोचू लागली.

एका आजोबांनी दोन्ही हात वर केले. सुनंदा लांबून ओरडली, “बाबा, दहा नंबर नाहीये!”

“दहा नाही गं! शरण आलो! पोट भरलं!”

अख्खी वाडी हसली. मास्कमागून इतकं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

तीनला जयेशभाई आले. एकही टेबल रिकामं नव्हतं. मी त्यांच्यासाठी चिकूचा क्रेट उपडा घातला. सुनंदाने लांबूनच फळ्याकडे हात केला. शेठनी मुकाट्याने एक बोट वर केलं, मग पुन्हा एक. जेवून हात धुतले आणि मला म्हणाले, “सावे, सहा जण कमी पडतात. अजून दोन बघ.”

आता मास्क गेले, अंतर गेलं. तरी वाडीत जागा असेपर्यंत हॉलमध्ये कोणी जात नाही. बोटांची ऑर्डरही सुटलेली नाही. नवीन गिऱ्हाईक जुन्याचं बघून शिकतं.

कोणता पदार्थ खपतो हे कळावं म्हणून मी चौदा वर्षं दर महिन्याला रिपोर्ट बनवत होतो. सुनंदाला विचारलं असतं, तर एका मिनिटात काम झालं असतं.