स्प्रिंगची जागा

दर रविवारी वडील बाहेरच्या खोलीत जुनी सोलापुरी चादर अंथरून परवान्याचं पिस्तूल साफ करायला बसायचे. गोळ्या आधी कपाटात बंद करायचे, मग एकेक भाग सुटा करून पुसायचे, तेल द्यायचे. चादरीवर प्रत्येक भागाची जागा ठरलेली होती आणि तिथं तेलाचे डाग पडले होते. नळीचा जाड, स्प्रिंगचा बारीक. आई घासून घासून वैतागली, पण ते निघाले नाहीत.

वडील गेल्यावर मी पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करायला नेलं. हवालदार ते उघडून बघत म्हणाला, "ह्यात स्प्रिंगच न्हाय की." बदलायची म्हणून वडिलांनी काढून ठेवली असणार. आम्ही सगळं घर पालथं घातलं, सापडली नाही.

पुढच्या रविवारी दुपारी ती चादर बाहेरच्या खोलीत अंथरलेली दिसली. मला आईचा राग आला. घडी घालायला वाकलो, तर सगळे डाग वाळलेले होते, फक्त स्प्रिंगचा ओला होता. बोट लावलं, तर तेल लागलं.

"ही कशाला अंथरलीस?" मी विचारलं.

"मी कुटं अंथरली," आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "ऱ्हाऊ दे तशीच. काम अर्धं राह्यलंय की त्यांचं."