दुसरी बिजागरी

माझी नवीकोरी स्कूटर मंठ्यात बंद पडली, म्हणून शोरूमच्या फोनची वाट बघत तासभर तिथल्या एका मेकॅनिकच्या शेडमध्ये बसलो होतो. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

कोपऱ्यात त्याची स्वतःची बुटकी, तीन चाकांची, फायबरची मोटार होती. तसल्या गाड्या काढणारा छोटासा कारखाना कधीचाच बंद झालाय. पार्ट कुठंच मिळत नाहीत, म्हणून तो हातानंच बनवतो. त्या दिवशी दाराची बिजागरी घासत होता. चार वेळा कानस मारायची, फुंकर घालून चुरा उडवायचा, नवी बिजागरी जुन्या बिजागरीला लावून बघायची.

ती दाराला बसली. लगेच त्यानं तशीच दुसरी घासायला घेतली. भिंतीवर असे कितीतरी जादा पार्ट तेल लावून टांगलेले होते.

"अशा गाड्या किती आहेत जिल्ह्यात?" मी विचारलं.

"हीच एक, सर."

"मग दुसरी बिजागरी कशाला?"

कानस थांबली नाही. "कंपनी तं बंद पडली. उद्या कोन्ही अशीच गाडी घेऊन आलं, तं त्याला पार्ट कोन देणार?"

तेवढ्यात जालन्याच्या शोरूमचा फोन आला. माझ्या स्कूटरचा सेन्सर महिनाभर तरी मिळणार नव्हता. आणि स्कूटरची कंपनी तर चालू आहे.