दारच्या करंजाची धुतलेली पानं

मंडळी, सकाळपासून जिवाला चैन नाही.

राजाजीनगरात आमच्या दारात करंज आहे. आज एक मुलगी हातमोजे घालून त्याची पानं कापून पाकिटात भरत होती. मला वाटलं, झाड तोडायचा डाव. काठी घेऊनच बाहेर आलो.

"कुणी पाठवलं तुला?"

"कॉलेजनं, अज्जा. कारखान्यांच्या धुरातलं शिसं पानांवर बसतं. ते मोजायचंय."

"आमची पानं स्वच्छ आहेत. सडा मारून उरलेलं पाणी मी रोज फांद्यांवर मारतो. आत्ताच धुतलीत."

तिनं पाकीट रिकामं केलं. "मग ही पानं खोटंच सांगतील की इथली हवा चांगली आहे. पंधरा दिवस धुऊ नका, सरी?"

मीही तिच्यासारखंच 'सरी', म्हणजे बरं, म्हणालो, पण मन मानेना. ती खरंच कॉलेजची असेल? आकडे आम्हाला दाखवतील, की कारखानेवाल्यांनाच?

बायको वर्षभर खोकतेय. डॉक्टर म्हणतात, वय झालं. मीही मानलं, कारण दारातली पानं हिरवीगार दिसायची. ती तशी मीच ठेवत होतो.

तुमच्या दारच्या पानावर पांढरा रुमाल फिरवून बघा. काय निघतं, ते खरं सांगाल?