मातीची भर

"माझा बिगोनिया कुठाय?"

घरमालक काका जिन्यातूनच ओरडत होते. पंधरा दिवसांनी लेकीकडून परतलेले, आपली गॅलरी बघून तसेच वर माझ्याकडे आलेले, बॅग अजून हातात. आवाज असा, की अर्ध्या धायरीच्या खिडक्या उघडल्या.

"माकडं आली होती काका," मी म्हणालो. "सात! एकीच्या पोटाला पिल्लू. म्होरक्यानं माझ्याकडे असं काही बघितलं, की मीच आत पळून कडी लावली."

काका वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. हडपसरच्या आयटी पार्कात कीबोर्ड बडवणारा, पण मूळचा हळदीच्या गावचा. आमच्याकडे खुर्ची अंगणात विसरली तरी तिला पालवी फुटते, हे मी त्यांना शंभरदा ऐकवलेलं. म्हणून तर त्यांनी चावी आणि तो बिगोनिया माझ्यावर सोपवला. निरोपाच्या दिवशी कॉलेजातून त्यांनी घरी आणलं ते एवढंच: डब्यात त्याचं एक पान. त्या पानाच्या शिरेतून अख्खं झाड केलेलं. पानाची एक बाजू मोठी, दुसरी लहान. नर-मादी फुलं वेगवेगळी, पण एकाच झाडावर. आणि बोटाएवढं जाड, लवदार खोड, मातीवरून सरपटत कुंडीच्या काठाबाहेर डोकावणारं.

ते उघडं खोड मला बघवेना. हळदीचा कंद उघडा पडला की मातीची भर द्यायची, हे आम्ही आईच्या पोटातूनच शिकून येतो. दिली भर, काठोकाठ. वर रोज तांब्याभर पाणी. आठवड्यात खोड शेंबडासारखं हाती आलं. घाबरून झाड उपटून कचऱ्यात टाकलं, काठोकाठ भरलेली कुंडी तेवढी तशीच राहिली. एका पानावरून ते पुन्हा उगवलं असतं, हे काकांनीच सांगितलं होतं. एक पानही ठेवलं नाही.

रविवारी बघतो तर पंच्याहत्तरीचे काका डगमगत्या स्टुलावर चढून गॅलरीला जाळी ठोकताहेत. माझ्या सात माकडांसाठी! धावत जाऊन स्टूल धरलं. नाकासमोर त्यांच्या थरथरत्या पोटऱ्या. आयुष्यात लाखभर थापा मारल्या असतील, एकीनंही मान अशी खाली घालायला लावली नव्हती.

"काका, माकडं नव्हती. मीच खोड पुरलं. कुजलं ते."

काकांनी ओठांत धरलेला खिळा काढला.

"माहीत आहे. माकडं कुंडीत भर घालत नाहीत. जाळी कबुतरांसाठी आहे. स्टूल नीट धरा."