नावापुरता मॅनेजर
चीनच्या फूचौ बंदरातल्या हार्कर चहा कंपनीत खू सेंगहॉक वीस वर्षं चहा चाखत होता. घोट जिभेवर घोळला की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. धुक्यातले डोंगर, ओल्या पायवाटा, पानं खुडणाऱ्या बायका दिसायला लागायच्या. मॅनेजर रास्मुसेन साहेब पिकदाणीत घोट थुंकून ओरडायचे, "उठ रे समाधीतून! घ्यायचा का हा?" सेंगहॉक मत सांगायचा, निर्णय साहेबांचा.

पहिलं महायुद्ध संपलं आणि लंडनहून फर्मान आलं: चीनमधल्या ब्रिटिश कंपनीचा कारभार ब्रिटिश प्रजाजनाच्याच हाती हवा, नाहीतर टाळं लावा. आता रास्मुसेन पडले डॅनिश! अख्ख्या कचेरीत ब्रिटिश निघाला कोण, तर सेंगहॉक, कारण त्याचा जन्म पेनांगचा, इंग्रजी अमलातला. काय म्हणावं या कायद्याला!

"नावाला तू मॅनेजर हो," साहेब म्हणाले. "कारभार मी बघतो. नाहीतर पानं निवडणाऱ्या चाळीस बायका उद्या रस्त्यावर येतील."

चिनी माणसानं ब्रिटिश म्हणून वकिलातीत जायचं तर लांब झगा चालत नसे, कोट-पाटलोणच लागे. बायको गेकनिओ हसून हसून लोळायचीच बाकी राहिली. "अहो, कोट तुम्ही घातलाय की कोटानं तुम्हाला?"

वकिलातीतल्या अधिकाऱ्यानं शपथ देऊन विचारलं, "कोणता चहा घ्यायचा, हे कोण ठरवतं?"

साहेब मागेच उभे होते. खरं सांगावं तर कंपनी बुडणार. खोटं सांगावं तर ज्या साहेबांनी चाखायला शिकवलं, त्यांनाच पुसून टाकायचं.

"मी," तो म्हणाला.

कागदावर शिक्का बसला. परतताना होडी धुक्यातून सावकाश चालली होती. किनारा दिसत नव्हता, नुसतं वल्ह्यांखाली पाणी वाजत होतं.

"छान बोललास," साहेब म्हणाले. "जराही अडखळला नाहीस."

सेंगहॉकनं डोळे मिटले. आज डोंगर दिसेनात. दिसली ती मॅनेजरची खुर्ची, त्यात तो स्वतः, आणि समोर साहेब, त्याच्या होकाराची वाट बघत. तो 'मी' त्याला गोड लागला होता! त्याची त्यालाच शरम वाटली, पण गोडी काही जाईना.

"उद्या नव्या हंगामाचे नमुने येतायत," साहेब म्हणाले. "घ्यायचे की नाही ते मी सांगेन. कळलं ना?"

वीस वर्षांत पहिल्यांदाच सेंगहॉक 'हो साहेब' म्हणाला नाही.