उडणाऱ्या हिरोचं गाणं

"मानूस उडते, ठीक हाये. पण उडून करते काय?"

पवनारचे नामदेवराव टॉकीजसमोरच्या चहाटपरीवर बोलत होते आणि भोवतीचे भाजीवाले माना डोलावत होते. वर केबिनच्या खिडकीत उभा राहून मी ऐकत होतो.

मी वर्ध्याच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारा. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमच्याकडे इंग्रजी सिनेमा लागला होता. चंदेरी कपड्यातला हिरो खिडकीतून निघायचा आणि थेट ढगात जायचा. सोबत आधी एक छोटं कार्टून.

बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांचे भाजीवाले माल विकून तीनचा खेळ बघत आणि मग एसटीने घरी जात. पण आधी बाराचा खेळ नामदेवराव एकटे बघायचे. वांगं घेताना आपण दाबून बघतो ना, तसं. ते पास म्हणाले तरच बाकीचे तिकीट काढत.

"कार्टूनच बरं होतं," नामदेवराव म्हणाले. "मांजर मार खाते, समजते तरी. याले ना माय ना बाप. एकटाच फिरून राह्यला. कोनी लगन करून द्या ना त्याचं! अन् एवढ्या सिनेमात एक गानं नाई."

भाजीवाले स्टँडकडे निघाले.

मॅनेजर काळेसाहेब धापा टाकत जिना चढून वर आले. "वसंता, मालक काय म्हनून राह्यले माहीत हाये? हॉल रिकामा राह्यला तर टॉकीज बंद. कापसाचं गोदाम करतो म्हनते."

"मंग आपन?"

"आपन कापसाच्या गठाणी मोजू. गेल्या हप्त्याच्या हिंदी सिनेमाचा डबा हाये ना अजून इथं? त्यातलं गानं लाव."

"साहेब, इंग्रजी सिनेमात?"

"मी स्टँडवर जाऊन सांगतो, गानं हाये म्हनून. तू लाव."

सिनेमा अखंड नसतो. तो रिळांमध्ये येतो. एक रीळ संपत आलं की दुसऱ्या मशीनवर पुढचं सुरू करायचं. त्यामुळे मधे एक परकं रीळ घुसवायला कात्री लागत नाही, छाती लागते. हिरो ढगातून गच्चीवर उतरला आणि मी गाणं सोडलं.

सोडलं आणि कपाळावर हात मारला. इंग्रजी सिनेमा स्कोपचा होता. स्कोपमध्ये फिल्मवर चित्र दाबून बसवलेलं असतं आणि खास लेन्स ते पडद्यावर रुंद करते. हिंदी सिनेमा साधा. घाईत लेन्स बदलायची राहिली. पडद्यावर दुप्पट रुंदीची हिरोईन बागेत धावत होती. झाडंसुद्धा बसकी झाली होती.

आता शिव्या, असं म्हणून मी डोळे मिटले. खालून शिट्ट्या आल्या. पुन्हा येऊन बसलेल्या नामदेवरावांचा आवाज सगळ्यांच्या वर होता: "आता पटलं! उडून उडून दमला, मंग याद आली तिची. अन् बाई खात्यापित्या घरची हाये!"

दुसऱ्या दिवशी मी लेन्स बदलायला लागलो तर काळेसाहेबांनी हात धरला. "चालून राह्यलं ना? चालू दे."

हाउसफुल्लची पाटी लागली. ती बातमी अमरावतीला वितरकाच्या कानावर गेली. वितरक म्हणजे टॉकीजला सिनेमा भाड्याने देणारा. त्याचा माणूस पुढच्या बाजारालाच येऊन हजर. काळेसाहेब वर धावले. "आज गानं नको. सापडलो तर सिनेमा जाईन, तुयं लायसन जाईन, अन् गठाणी येतीन."

हिरो गच्चीवर उतरला. मी निमूट पुढचं इंग्रजी रीळ सुरू केलं. खाली खुर्च्या वाजायला लागल्या.

"गानं लावा!"

नामदेवराव तर उभेच राहिले, केबिनकडे तोंड करून. "ऑपरेटरभाऊ, ते बाई तिकडं वाट पाहून राह्यली ना!"

वितरकाचा माणूस केबिनमध्ये आला. मागे काळेसाहेब, चेहरा पांढरा. "कौनसा गाना?" त्याने विचारलं. त्याला कोपऱ्यातला डबा दिसला. डब्यावरचं हिंदी नाव त्याने वाचलं. खाली एक खुर्ची मोडल्याचा आवाज आला.

"लगा दे," तो म्हणाला. "हॉल तोड़ देंगे ये लोग."

वितरकाच्या माणसासमोर काम चोख असावं म्हणून मी या वेळी साधी लेन्स बसवली. गाणं अगदी स्वच्छ, जसं असायला हवं तसं आलं. आणि खाली दुप्पट गदारोळ झाला.

"हे कोन बारकी पोरगी आनली? आमची बाई कुठं गेली?"

वितरकाच्या माणसाने खिडकीतून पडद्याकडे पाहिलं, मग मशीनजवळ काढून ठेवलेल्या स्कोपच्या लेन्सकडे. "वो दूसरा लेन्स लगा."

टॉकीज वाचली. मालकांनी गोदाम दुसरीकडे बांधलं. सिनेमा पुढे हिंगणघाटला गेला तेव्हा वितरकाचा माणूस तो गाण्याचा डबा स्वतः काखेत मारून घेऊन गेला, आणि लेन्सबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारून गेला.

सिनेमा कसा आहे यावर पेपरात बरंच छापून येतं. मी ते वाचत नाही. खरं मत देणारा माणूस पडद्याकडे पाठ करून उभा राहतो आणि ऑपरेटरकडे बघून ओरडतो.